बंद घरांची नोंद

बाई, तुमच्या शोकसभेतून मी मधेच उठले. पुढच्या रांगेत बसले होते, खुर्ची करकरली आणि सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. तुमच्या भाच्याने, निखिलने, रात्री फोन करून विचारलं, "ताई, बरं वाटत नव्हतं का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. मला ठणठणीत बरं वाटत होतं. राग आला होता.

आधी तर फोटो. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, त्यात तुम्ही कुणाला तरी घाबरल्यासारख्या दिसता. अख्ख्या ठाण्यात ज्या बाईने कुठल्या साहेबाला भीक घातली नाही तिचा हा फोटो. पण तेही मी गिळलं असतं. मग ते साहेब बोलायला उभे राहिले, ज्यांच्या खात्यासाठी चार वर्षांपूर्वी आपण खाडीकाठच्या वस्त्यांचं सर्वेक्षण केलं होतं. म्हणाले, "आमचं खाडीकाठाचं धोरण हवेत उभं राहिलेलं नाही. ते मॅडमच्या संशोधनावर उभं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, बाई! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बारसं आहे का माझं?"

त्या धोरणात बाळकुम-कोलशेतच्या अंगाला असलेल्या आपल्या त्या गावासमोर एक भिंत आहे. भिंतीला लागून फिरायची वाट, बाकं, शोभेचे दिवे. आणि गावच्या बायका जिथून खाडीत उतरतात तो उतार त्या भिंतीखाली गडप. जिथे मासेमारी चालू आहे तिथे खाडीत जायला वाट सोडायची, असं धोरणातच लिहिलंय. या गावाला सोडलेली नाही, कारण इथे मासेमारी उरलेली नाही असं आपल्या अहवालात लिहिलंय. आपल्या म्हणतेय मी, तुमच्या एकटीच्या नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात तेव्हा मी शहाडहून येणारी, बी.ए. झालेली आणि कुठेच न चिकटलेली मुलगी होते. नौपाड्यातल्या तुमच्या घरात सतरंजीवर आम्हा आठ जणींना बसवून तुम्ही सर्वेक्षण शिकवत होतात. तुम्ही खाडीवरची बाई झालात आणि मला म्हणालात, विचार प्रश्न. मी फॉर्म बघून वाचलं, "आपला मुख्य व्यवसाय काय?" तुम्ही पदर खोचून म्हणालात, "काय नाय गो, घरीच असतंय." मी 'गृहिणी'वर खूण केली. तुम्ही फॉर्म हातातून हिसकावून घेतलात.

"ही बाई सकाळपासून कमरेएवढ्या चिखलात होती. तू तिला घरी बसवलंस."

"तीच म्हणाली ना, घरी असते."

"तिच्या लेखी धंदा म्हणजे बोटवाल्याचा. हाताने चिंबोऱ्या, चिखलातले निवट्या मासे पकडते, त्याला ती धंदा म्हणतच नाही. तिला विचारायचं, काल काय आणलंस? मग बघ कशी सांगते."

मी आजही हे विसरलेले नाही. आज मी नवीन मुलींना शिकवते तेव्हा हेच शिकवते, आणि तुमच्यासारखा पदरही खोचते. एका प्रश्नाने सरकारच्या कागदावरून माणूस कसा पुसला जातो हे मला तुमच्याकडून कळलं. म्हणूनच त्या गावाचं जे झालं ते मला इतकं झोंबतं. प्रश्न तुम्ही बरोबर शिकवला होतात. पण तो विचारायला माणूस घरी तर हवं?

वेळापत्रक तुमच्या फ्रीजवर लावलेलं असायचं. सकाळी दहा ते एक. आम्ही सगळ्या कल्याण, डोंबिवली, शहाडच्या. घरचं आवरून निघायचं, दुपारी परत जाऊन पोरांना शाळेतून आणायचं, तर दहा ते एक सोयीचं. तुमच्याही मनात दुसरी वेळ आली नाही. नियम असा की घराला कुलूप दिसलं तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, तिन्ही वेळा कुलूप असेल तर 'बंद घर' लिहायचं आणि दारावर खडूने फुली मारायची, म्हणजे दुसरी मुलगी तिथे वेळ घालवणार नाही. प्रत्येक फॉर्मवर नावाऐवजी नंबर लिहायचा. मी सात नंबर.

खाडीकडची गल्ली माझी होती. सोमवारी गेले, कुलपं. मंगळवारी गेले, कुलपं. बुधवारी लाल छत्री घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा चालले, पुन्हा कुलपं. पुरुष कामावर असणार हे धरून चालले होते, पण बायकाही नाहीत, शेजारीही नाहीत, विचारायचं कुणाला? मी फुल्या मारत गेले. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. फॉर्म लवकर संपले. त्या दिवशी मी घरी लवकर पोचले आणि झोपले.

दोन-तीन महिन्यांनी कोलशेतच्या नाक्यावर मी चिंबोऱ्या घ्यायला थांबले. पाटीमागे बसलेली बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. चंद्राबाय तिचं नाव, ते मला नंतर कळलं.

"गो, तू ती फारमवाली ना? आमच्या दाराव फुली मारून गेलीस ती?"

मी म्हटलं, तुमच्या घराला कुलूप होतं.

"कुलूप असंलच ना! आमी सगल्या खाडीन व्हतो. तिथशी दिसत व्हतीस तू, लाल छत्री. किती हाका मारल्या गो! वारा आमच्या तोंडाव, तुला कसं आयकू येल?"

"मग दुसऱ्या दिवशी तरी थांबायचं."

लाजेने माणूस काहीही बोलतो, बाई. ती हसली नाही की चिडली नाही. "तुझ्यासाटी सुकती थांबतं काय?" म्हणाली आणि चिंबोरीच्या नांग्या बांधायला लागली.

सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की बायका घराला कुलूप लावून चिखलात जातात आणि पाणी चढायला लागलं की परत येतात. ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आपण गेलो तो आठवडा नेमका असा होता की दहा ते एक बायका चिखलातच. तीन वेगवेगळे दिवस म्हणजे आपल्याला फार मोठी खबरदारी वाटली होती, पण तिन्ही दिवस लागोपाठचे. आठवडाभर थांबून गेले असते तर त्याच बायका त्याच वेळी दारात बसलेल्या भेटल्या असत्या. एवढं साधं. खाडीकाठच्या माणसांचा अभ्यास करायला निघालो, आणि खाडीला किती वाजता पाणी असतं हे आठ जणींपैकी एकीनेही विचारलं नाही. तुम्हीही नाही.

मी चिंबोऱ्यांची पिशवी घेऊन तशीच तुमच्याकडे आले. तुम्ही घेवडा मोडत बसला होतात. मी सांगत गेले तसा तुमचा हात थांबला.

"अहवाल गेलाय," तुम्ही म्हणालात.

"मग परत मागवा. चुकलं म्हणून सांगा."

"बघते मी."

त्या 'बघते मी'वर आपली चार वर्षं गेली. दर दोन-तीन महिन्यांनी मी विचारायचे, काय झालं त्या गावाचं? तुम्ही म्हणायचात, बघते म्हटलं ना. मग मी टोमणे मारायला लागले. "काय बाई, बघून झालं का?" तुम्ही विषय बदलायचात. नंतर आपण डोंबिवलीत घरकाम करणाऱ्या बायकांचं काम केलं, तेव्हा वेळापत्रक लिहिताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "रविवारी दुपारी जा, तेव्हा सापडतील." मला तिथेच ओरडावंसं वाटलं होतं. शिकलात ना तुम्ही? मग ज्यांच्या जिवावर शिकलात त्यांचं काय?

आणि तिकडे खात्यात काय चाललं होतं ते मला आता नीट कळलंय. आपला अहवाल जाडजूड होता. त्याचा दोन पानी गोषवारा झाला. गोषवाऱ्यातलं एक वाक्य कुणीतरी उचललं: बरीच घरे कायम बंद, पारंपरिक मासेमारी जवळपास संपुष्टात. ते वाक्य मीटिंगमध्ये पडद्यावर दिसलं असणार, आणि समोर बसलेल्यांनी मान हलवली असणार. यांना भिंत आधीच बांधायची होती, बाई. गाव नडत होतं. तेवढ्यात संशोधनाने सांगितलं की गाव नाहीच. इतकं सोयीचं संशोधन कोण नाकारेल? तेच वाक्य यांच्या गैरसोयीचं असतं तर दहा शंका काढल्या असत्या, पुन्हा माणसं पाठवली असती. आपल्याला वाटतं सरकार आपलं वाचून ठरवतं. ते ठरवून मग आपलं शोधतात, आणि सापडलं की फाईलीला टाचतात. वर म्हणतात, संशोधनाच्या पायावर.

तुमच्या शेवटच्या आजारात मी आले होते तेव्हा त्या धोरणाचा, भिंतीसकटचा आराखडा नुकताच जाहीर झाला होता. मी तो तुमच्या अंथरुणावर ठेवला. आजारी माणसापुढे असं करू नये, मला कळतं. पण तुम्ही नुसत्या बघत राहिलात, आणि माझा तोल गेला.

"तुम्ही घाबरलात, बाई. नाव खराब होईल म्हणून गप्प बसलात."

"असेल," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "पंखा जरा कमी कर."

मी पंखा कमी केला, चहा न घेता निघून गेले. तो आठवडा संपायच्या आत निखिलचा फोन आला. मी तुमच्याशी शेवटचं बोलले ते हे. याबद्दल मला माफी मागायची होती, पण आता मागणार नाही. कारण शोकसभेनंतर निखिलने मला तुमची एक कापडी पिशवी आणून दिली.

"मावशीने तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती," म्हणाला.

पिशवीत भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील कागद होता, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. एक वही होती. वहीत तुमच्या अक्षरात बायकांची नावं आणि प्रत्येकीपुढे तुमचाच तो प्रश्न. चंद्राबाय, काल: चिंबोऱ्या. पुढची, काल: निवट्या, थोडी कोलंबी. पानामागून पानं. तुम्ही परत गेला होतात. एकट्या. ओहोटीच्या वेळा बघून, गुडघे दुखत असताना, त्या उतारावर जाऊन बसला होतात. मी चंद्राबायला विचारलं तर ती म्हणाली, "ती म्हातारी बाय? येत व्हती की. उताराव बसायची, आमी वर आलो का पाटीत काय हाय ते लिवायची. तुला नाय माहीत?"

मला नाही माहीत. जगाला माहीत, मला नाही.

वहीखाली पत्रं होती. पहिलं तुमचं, चंद्राबाय मला भेटली त्याच महिन्यातलं, आवक शिक्का मारलेलं. अहवालातली बंद घरांची नोंद चुकीची आहे, सर्वेक्षणाची वेळ ओहोटीची होती, त्या गावाची फेरगणना करावी, नवी यादी सोबत जोडली आहे. खात्याचं उत्तर: चुकीची नोंद करणाऱ्या अन्वेषकाचे नाव कळवावे, त्यास यापुढील सर्व कामांतून वगळण्यात येईल, त्यानंतर फेरगणनेचा विचार करता येईल. तुमचं दुसरं पत्र दोन ओळींचं: वेळापत्रक मी आखले होते. नाव हवे असल्यास माझे घ्यावे. आणि त्यावर उत्तर, जे मी आतापर्यंत इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय: आपण प्रत्यक्ष क्षेत्रकाम केलेले नसल्याने आपले नाव ग्राह्य धरता येत नाही. अन्वेषक क्रमांक सात यांचे नाव कळवावे.

त्याच्याखाली एक कोरा कागद. वर 'महोदय' लिहिलेलं, पुढे स्वल्पविराम. पुढे काही नाही.

तर तुम्ही घाबरला नव्हतात. तुम्ही मला वाचवत होतात. त्या वर्षी मी नुकतीच पर्यवेक्षक झाले होते, घरी पहिल्यांदा कुणीतरी मला विचारून निर्णय घेत होतं, ते तुम्हाला माहीत होतं. मला वगळलं असतं तर मी परत शहाडला, तीच कुठेच न चिकटलेली. हे सगळं तुम्ही मनात धरलंत आणि पेन खाली ठेवलंत.

लोक म्हणतील, किती मोठं मन. मला मोठं मन वगैरे काही दिसत नाही, बाई. मला संताप येतो. एका पारड्यात मी आणि दुसऱ्या पारड्यात अख्ख्या गावच्या बायका, आणि तुम्ही एकटीने बसून तोललंत? मी तुमची कोण होते, कुक्कुलं बाळ? चार वर्षं मी तुमच्यासमोर बसून तुम्हाला भित्री म्हणत होते आणि तुम्ही घेवडा मोडत ऐकून घेत होतात. एकदा तरी ती पत्रं माझ्या अंगावर फेकायची. रडले असते, भांडले असते, पण मला कळलं तर असतं की ती कुलपं अजून माझ्याच नावावर आहेत. आणि त्या खात्याला काय म्हणू? चूक दुरुस्त करायची नाही, चूक करणारी हवी. बळी द्या, मग मोजू.

आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या. मी हरकत लिहिली. सुनावणीची नोटीस आली तशी चंद्राबायला दाखवायला गेले. तिने वार आणि वेळ ऐकली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"त्या दिशी सुकती साडेधाला."

सुनावणी साडेदहाची. मला हसूच आलं, काय करणार! चार वर्षांनी तीच खाडी, तीच वेळ, आणि शेरा तयार: स्थानिक अनुपस्थित. मी कार्यालयात फोन करून दुपारची वेळ मागितली. तिकडून आवाज आला, "मॅडम, सुनावणी आमच्या वेळेत होते, पाण्याच्या वेळेत नाही."

"येताव आमी," चंद्राबाय म्हणाली. "सगल्या नाय, पाच-सा जनी. बाकीच्या खाडीन जातील. त्या तिथं दिसल्या पायजेत ना कुनाला."

काल सुनावणी झाली, बाई. तेच साहेब होते. मला ओळखलं त्यांनी, शोकसभेतून उठून गेलेली म्हणून असेल. माझी हरकत वाचून त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही मॅडमच्याच टीममध्ये होता ना? त्यांना जाऊन महिना नाही झाला, आणि तुम्ही त्यांचा अहवाल चुकीचा म्हणताय?"

"हो."

"त्यांचं नाव आहे पहिल्या पानावर."

मी म्हटलं, नाव राहू दे, अहवाल चुकीचा आहे. त्यांनीच तुम्हाला तसं कळवलं होतं, ही पत्रं, हे तुमचे शिक्के. मी ती टेबलावर मांडली, मग वही मांडली, मग भरती-ओहोटीचा कागद. चंद्राबाय मागून म्हणाली, "सायेब, आता या घडीला गावान या. परत कुलपाच दिसतील. मंग खाडीकडं बगा." साहेबांनी पत्रं उचलली, खालीवर केली. दुसरं उत्तर बराच वेळ वाचलं. खाली सही त्यांचीच होती.

"हा अन्वेषक क्रमांक सात," ते म्हणाले, "याचं नाव आम्हाला कधी कळवलंच नाही."

"मी सात नंबर. बंद घरं मी लिहिली. वैशाली जाधव, राहणार शहाड. लिहून घ्या."

कारकुनाने साहेबांकडे बघितलं आणि लिहून घेतलं. पुढे काय करतील माहीत नाही. पाहणीसाठी माणूस पाठवू म्हणालेत. मी विचारलं, किती वाजता? तो भरती-ओहोटीचा कागद मात्र त्यांनी परत दिला नाही, फाईलमध्ये ठेवून घेतला. मला कदाचित यापुढे त्यांचं काम मिळणार नाही. बायका त्या दिवसाची ओहोटी बुडवून रिक्षाने घरी गेल्या.

तुम्ही चार वर्षं जपून ठेवलेलं नाव मी एका दमात सांगून टाकलं. सांगायला एक मिनिटही लागलं नाही. मला एकदा विचारायचं होतंत, बाई. तेव्हा मी दिलं असतं का? खरं सांगते, मला माहीत नाही. कदाचित नसतं दिलं, तुमच्या पाया पडले असते, गप्प बसा म्हणाले असते. पण विचारायला हवं होतंत.